खारात टिकलेली निळी वेल

गिऱ्हाईक सुभद्राबाईंनी लोणच्याची बरणी आपटली नाही, नीट खाली ठेवली. अब्दुल गनीला तेच जास्त लागलं.

"कडूबा, बरणी बेस हाय तुयी," त्या म्हणाल्या, "पण हे वेल कोणं काढली? खार ओघळला अन् सारा रंग माया हाताले आला."

कडूबा कुंभारानं गनीकडे पाहिलं. साखरखेर्ड्याच्या वेशीबाहेर दोघांची मिळून एक भट्टी होती. चाक कडूबाचं, काचेसारखी झिलई, रंग आणि आच गनीची. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे पोटासाठी माणसं तिकडे जात. गनीही जबलपूरच्या एका बरण्यांच्या कारखान्यात राबून आला होता. पांढरी माती कडक आचेवर दगडासारखी कशी भाजायची, हे तो तिथे शिकला. वेल मात्र त्यानं भाजून झालेल्या बरणीवर वरून काढली होती आणि मंद आचेवर नुसती शेकली होती.

"गनीभाई, रंगाचं खूळ सोड. साध्या बरण्या इकू," बाई गेल्यावर कडूबा म्हणाला.

"एक भट्टी दे मले. रंग झिलईच्या खाली घालतो. काचेआड बसला तर खार त्याले कसा खाईन?"

"एकच. मंग पुन्हा नाव काढू नको."

गनीनं मातीच्या चकत्या केल्या. कोणावर काव, कोणावर तांब्याची भुकटी, कोणावर मुंबईहून मागवलेली निळी पूड. कशात पांढरी माती थोडी मिसळली, कशात जास्त. वर झिलई चढवली आणि कोणत्या कालवणात किती माती, ते कळावं म्हणून प्रत्येक चकतीमागे कोळशानं खूण केली.

भट्टी निवली. तांब्याचा नुसता धुरकट डाग उरला होता, काव काळी पडली होती, निळ्या रेघा बहुतेक झिलईबरोबर वाहून गेल्या होत्या. एकच चकती अशी निघाली, की रेघ जिथे ओढली तिथेच, निळीगर्द. गनीनं हरखून ती उलटी केली. मागची बाजू कोरी! सगळ्याच कोऱ्या.

कडूबा हसता हसता खाली बसला. "कोळसा जळते हे तुले आता समजलं काय बे?"

गनीची बायको अमीना हसली नाही. तिनं ती चकती उचलली आणि घरी लिंबाच्या लोणच्यात बुडवून ठेवली. लोणचं मुरलं तेव्हा ती चकती घेऊन भट्टीवर आली.

"कडूबादादा, धुतली नाही अजून. तुमीच पाहा."

कडूबानं ती धुतली, राखेनं घासली, नखानं खरवडली. रेघ हलली नाही.

"रंग-मातीचं कोणतं कालवण हे?"

अंदाजानं एखादं प्रमाण सांगता आलं असतं. गनी म्हणाला, "मालूम नाही."

कडूबानं चकती उन्हात धरून उलटसुलट पाहिली. "मंग पुन्हा भट्टी लावा लागते. आता खिळ्यानं कोर, शहाण्या."

दुसऱ्या भट्टीत खुणा टिकल्या. निळ्या पुडीत बरणीचीच पांढरी माती निम्म्याहून जास्त घातली, की रेघ जागा सोडत नाही, हे सापडलं. तशी वेल काढलेली बरणी सुभद्राबाईंकडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी निरोप धाडला: खार ओघळला, फडकं पांढरंच राहिलं, सुनेच्या माहेरी तशीच एक पाहिजे.

गनी सांगायला धावला, तर कडूबा चाकावर होता. फिरत्या बरणीच्या खांद्याखालचा भाग तो अंगठ्यानं सपाट करत होता.

"इतकी जागा पुरीन ना वेलीले?" त्यानं मान वर न करता विचारलं.