धरायला जागा

दादाची नवी गाडी आठ दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. आईने तिच्या पुढे झेंडूचा हार बांधला होता. निघताना दादाने तो सोडवून आईच्याच हातात दिला. “अगं, हाराला वारा अडतो. या गाडीत वाऱ्याला अडायला काही ठेवलेलंच नाही. हँडलसुद्धा दारात बुडवलंय. काचाही बंदच ठेवायच्या, वारा आत शिरला की गाडी मागे ओढली जाते.”

आमची जुनी जीप म्हणजे चालतं खोकं. पण निरोप देताना आई तिच्या खिडकीची कड धरून विहिरीपर्यंत सोबत चालायची, “पोचलात की फोन करा” असं दहादा सांगत.

आजही तिने सवयीने हात टाकला. तो दारावरून घसरत मागच्या दिव्यापाशी सुटला. गाडीला काही कळलं नाही. वेगाने जायचं तर दुसऱ्याला धरता येईल असं अंगावर काही ठेवायचं नसतं. आम्ही दोघे भाऊ हे गाडीच्या आधीच शिकलो होतो.

मी मागच्या सीटवर होतो. आईचे ओठ हलताना मला दिसले. काचेचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. काच बंदच राहिली.

गाडी जराही मागे ओढली गेली नाही.