हिरालालचे अठ्ठावीस शेक

डॉक्टरांनी कागदाच्या एका बाजूला ‘ऑपरेशन’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘रेडिएशन’, आणि कागद हिरालालपुढे सरकवला.

“काका, तुमच्या बाबतीत दोन्ही रस्ते बरोबर आहेत. त्रास दोन्हीकडे आहे, फक्त वेगवेगळा. घरी बोला आणि ठरवा.”

हिरालाल गजभिये कागदाकडे पाहत राहिला. चिखल्याच्या मँगनीज खाणीत त्याची एकतीस वर्षं जमिनीखाली गेली होती. ड्रिल कुठे लावायची, किती खोल न्यायची, ते मेट, म्हणजे मुकादम, सांगायचा. वर कधी यायचं ते भोंगा सांगायचा. लग्न वडिलांनी जुळवलं, निवृत्तीची तारीख कंपनीने कळवली. आता सदुसष्टाव्या वर्षी, लघवी अडते म्हणून तुमसरला दाखवायला गेला, तिथून रक्ततपासणी, मग नागपूरला तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं, असं करत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं. बाहेर पसरलेला नव्हता. आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारत होतं, तुमचं काय करू?

“साहेब, तुमचे वडील असते तं तुमी काय केला असता?”

डॉक्टर म्हणाले, “त्यांनाही हेच विचारलं असतं.”

तीन आठवडे घरात तेवढंच चाललं. मुलगा संघपाल वरठीच्या स्टील कारखान्यात होता; तो मोबाइलवर वाचून रोज फोन करायचा आणि रोज वेगळं सांगायचा. साळा सेवकराम म्हणाला, चाकू लागला की हा रोग पसरते. कॉलनीतल्या भैय्यालालचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. तो मुद्दाम घरी आला, “मी तं एकदम बरा आहो” म्हणाला, आणि उठताना लुंगीचा पुढचा ओला भाग मुठीत धरून उठला. हिरालालने ते पाहिलं.

शेवटी त्याने बायकोला विचारलं, “धुरपता, तूच सांग.”

“मी काय सांगू? आंग तुमचा हाये.”

हिरालालचा धाकटा भाऊ बाबूलाल वीस वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आत गेला होता. जाताना चप्पल हिरालालजवळ देऊन गेला. परत आला नाही. हिरालालने कागदावर ‘रेडिएशन’वर बोट ठेवलं तेव्हा सगळे म्हणाले, विचार करून ठरवला. विचार काही झाला नव्हता. डोळे मिटले की त्याला फक्त ती चप्पल दिसायची.

आधी पोटात एक इंजेक्शन दिलं. दर तीन महिन्यांनी एक, अशी दोन वर्षं. त्याने अंगातला पुरुषी हार्मोन बंद होतो, थकवा येतो, गरम वाफा येतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. हिरालालने मान हलवली. ‘पुरुषी’ या शब्दानंतरचं त्याला फारसं ऐकू आलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये शेक सुरू झाले. रेडिएशनला घरात सगळे शेकच म्हणायचे. एकूण अठ्ठावीस, शनिवार-रविवार सोडून रोज. चिखल्याहून रोज नागपूर गाठणं शक्य नव्हतं, म्हणून दोघं वरठीला संघपालच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. सकाळी सून रीना डबा बांधून द्यायची, दोघं भंडारा रोड स्टेशनवरून गाडी धरायचे. दवाखान्यात पोहोचलं की पोट साफ करायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास ते धरून ठेवायचं. मूत्राशय भरलेलं असलं तरच किरण नेमक्या जागी पडतात. मग टेबलावर झोपवायचे, सगळे बाहेर जायचे, जाड दार बंद व्हायचं. दुखत काहीच नव्हतं.

“फोटो काढल्यासारखा हाये,” पहिल्या आठवड्यात त्याने रीनाला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात आग सुरू झाली. लघवीला आग, अर्ध्या तासाला लागायची. संडासही पातळ. गाडीत तो संडासाच्या दाराशीच उभा राहू लागला. आणि तरी रोज तिथे पोहोचून पाणी प्यायचं आणि धरायचं.

एकोणिसाव्या शेकाच्या दिवशी मशीन बंद पडली. हिरालालचं पाणी पिऊन पन्नास मिनिटं झाली होती.

“दहा मिनिटं, काका,” मशीनवरची मुलगी मोनिका म्हणाली.

“मी जाऊन येऊ काय?”

“गेलात तर परत पाणी, परत पाऊण तास. आणि तुमचा नंबर शेवटी जाईल.”

तो बसून राहिला. पाय एकमेकांवर आवळले, भिंतीवरची सूचना पाच-सहा वेळा वाचली. वीस मिनिटं झाली. मग त्याला कळायच्या आतच सुटलं. पँटमधून गरम ओघळ चपलेपर्यंत आला आणि फरशीवर पसरला. समोरच्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि दुसरीकडे पाहिलं.

“धुरपता,” तो हळू म्हणाला, “मले उठता येऊन नाई राहिला.”

धुरपताने पिशवीतला टॉवेल काढून त्याच्या मांडीवर टाकला. सफाईवाल्या बाईकडून पोछा मागून आणला आणि खाली बसून फरशी स्वतः पुसली.

मोनिका आली. “काका, इथे असं होतं. रोज कुणाचं तरी होतंच.”

ती चांगल्या मनाने म्हणाली, पण हिरालालला रडू फुटलं. खाणीत पाय दगडाखाली सापडला होता तेव्हाही तो रडला नव्हता. ओल्या पँटवरच तो पुन्हा पाणी प्यायला. एकोणिसावा शेक चार वाजता झाला.

अठ्ठावीस संपले की सुटलो, असं त्याने धरलं होतं. चिखल्याला परतला तरी आग जायला दोन महिने लागले. किराणा दुकानापर्यंत चालताना मध्ये पुलावर बसावं लागायचं. डिसेंबरात रिपोर्ट आला. रक्तातला प्रोस्टेटचा आकडा चौतीसवरून जवळजवळ शून्यावर उतरला होता.

“म्हंजे बरा झालो?” त्याने डॉक्टरांना विचारलं.

“सध्या आजार दबलाय. तपासत राहायचं.”

“ऑपरेशन केला असता तं येवढा त्रास झाला नसता?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही, काका.”

अंगाला घाम ऑगस्टपासूनच फुटायचा, पण तेव्हा दमट होतं म्हणून चाललं. जानेवारीत ती सोय राहिली नाही. सकाळी दहाची वेळ. लोक स्वेटर घालून उन्हाला बसले होते आणि हिरालालचं बनियन पिळून काढण्यासारखं ओलं झालं होतं. रोग परत आला, असंच त्याला वाटलं.

“धुरपता, मले काईतरी होऊन राहिला. आंगात भट्टी पेटली.”

तिने कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती शेजारी बसली.

“छातीतून वर चढते ना? मंग तोंडाले, कानाले?”

“हो.”

“अन् घाम आला का मंग थंडी वाजते.”

“तुले कसा मालूम?”

“मले असाच होत होता. चार साल. पाळी गेली तवा. संघपाल बारावीले होता.”

हिरालाल आठवू लागला. ड्यूटीवरून आलेला एक दिवस आठवला. धुरपता भाकरी अर्धी टाकून पंख्याखाली जाऊन बसली होती, चेहरा लाल. तो म्हणाला होता, नाटक नोको करू, भूक लागली हाये. ती उठली होती.

“तू मले सांगतला काहून नाई?”

“सांगतला होता.”

धुरपता आत गेली, घमेल्यात थंड पाणी घेऊन आली आणि त्याच्या पायांशी ठेवलं.

“पाय टाका. मी असीच बसत होती. चहाबी सोडला होता.”

“मी सोडू काय चहा?”

“सोडून पाहा. फरक पडनच, असा नाई सांगता येत.”

थोड्या वेळाने घाम थांबला आणि ती म्हणाली होती तशी थंडी वाजू लागली. त्याने पाय बाहेर काढले, तिने दोरीवरचा स्वेटर दिला. पुढची वाफ कधी येईल ते दोघांनाही माहीत नव्हतं. इंजेक्शनं अजून पाच बाकी होती.