समस्त गावकरी

“तुला दवंडी पिटाया सांगितली हुती. तुला कुनी बोलिवलं रं?” पाटील म्हणाले. शाळेच्या ओट्यावर बसलेली माणसं खदखदून हसली.

मी खाली अंगणात. गळ्यात डफडं, हाताला पोर. सात वर्षांची.

सकाळपासून मीच ओरडत फिरलो होतो. पार वरच्या धनगरवाडीपर्यंत. “समस्त गावकऱ्यांनी ऐका हो! ज्याला ल्योक-लेक असंल त्यानं शाळेत सभेला यावं हो!” शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार होते. पट भरला नाही तर शाळा उठणार. घर न् घर सांग, असं मास्तरांनी बजावलं होतं. मी महार. दवंडी आमच्याकडंच. पण ओरडता ओरडता ते शब्द माझ्याच कानात शिरले. घरी येऊन पोरीचं तोंड धुतलं आणि तिला घेऊन आलो.

मी रानातला हिरडा गोळा करून विकणारा. भोरच्या व्यापाऱ्याशी अर्धा दिवस घासाघीस करणारा. इथंही सौदाच मांडला. “मास्तर, तुमाला पटावर नावं पायजेत. आमच्या म्हारवाड्यात नऊ पोरं हायती. घ्या.”

मास्तरांनी पाटलांकडं बघितलं. “नावं घेतो. पोरं खिडकीबाहेर बसतील.”

“नाव आत आन् पोर भाईर?”

“तेवढं तरी मिळतंय की.”

“न्हाई. पोर आत, न्हाईतर नाव बी न्हाई.”

मला हाकललं.

महिन्याभरानं शाळेचीच दवंडी पुन्हा आली. देवळापुढं उभा राहून मी ओरडलो, “समस्त गावकऱ्यांनी शाळेत यावं हो! म्हारं सोडून!”

गाव भडकलं. “सगळ्यास्नी ठावं हाय की. म्हनायचं कशाला?”

आमचं बलुतं बंद झालं. वाड्यातल्यांनीच मला शिव्या घातल्या, “तुझ्या तोंडापायी आमी उपाशी.” त्यांची आठ पोरं खिडकीबाहेर बसली. माझी घरी राहिली.

त्या आठांतल्या एकानं पुढं मला अक्षरं शिकवली. म्हणून हे लिहितोय. तोवर लेक सासरी गेली होती. एकदा म्हणाली, “आबा, तवा मला खिडकीत बसू दिलं असतंत तर?”  

आता तिची पोर सहाची झाली. तिच्या गावातही महारांची पोरं बाहेरच बसतात. वीस वर्षांत फरक नाही, पुढं पडेल असंही वाटत नाही. तरी सोमवारी नातीला घेऊन मी त्या शाळेचा उंबरा ओलांडणार. विचारणार नाही. सौदा करणार नाही. मारलं तर आत मार खाईन, पण तिचा हात धरून बाहेर येणार नाही.