तीन वाटा आणि अक्कांचा गुडघा

कळंबच्या थांब्यावर सकाळी साडेसहाला आम्ही दोघीच होतो, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. अक्कांच्या एका हातात काठी, काखेत भाकरीचं गाठोडं आणि तोंड सुरू. माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि नातीची अर्धी कोरी वही. नारायणगावकडे जाणारी एसटी दिसली तशी अक्कांनी रस्त्यावर काठी आडवी धरली.

ड्रायव्हर काचेतून डोकं काढून म्हणाला, "आजी, टोलनाका हाय का ह्यो?"

"व्हय. आमाला आत घ्या, मंग दांडी उचलते."

गाडी थांबवायचं काम अक्कांचंच. मला ते जमत नाही. एकदा मी एकटी मंचरहून येत होते. गाडीत गर्दी होती, आणि कळंब आलं तरी "थांबवा" म्हणायला माझं तोंड उघडेना. गाडी मला घेऊन थेट नारायणगावला गेली. घरी मी सांगितलं की झोप लागली होती. खरं फक्त अक्कांना माहीत आहे.

आता आम्ही कशाला निघालो होतो ते सांगते. आमच्या आळीत आम्ही दोघी धरून अकरा बायकांचा गट आहे. दर वर्षी थंडी सुरू झाली की गाडी करून एक दिवस देवाला जातो. गाडीत बसायचं, रांगेत उभं राहायचं, परत गाडीत बसायचं. यंदा गटाची अध्यक्ष सुमन म्हणाली, "एक दिवस पायी हिंडू. डोंगर बघू, रान बघू." लगेच तीन तट पडले. कुणी म्हणे नाणेघाट, कुणी म्हणे भीमाशंकरचं जंगल. एकीचं माहेर आळेफाट्यापुढच्या आणे गावचं. ती म्हणे, आमचं पठार काय वाईट आहे? आवाज वाढले तेव्हा सुमनने माझ्याकडे बोट केलं.

"शालन कुणाची बाजू घेत न्हाई. तिनं तिन्ही वाटा चालून यायचं आन् पुढच्या बैठकीत उभं राहून सांगायचं. ती म्हणंल तिथं जायचं."

मी नको म्हणायच्या आत टाळ्या झाल्या. मग सुमन अक्कांकडे वळली. "अक्का, तुमी औंदा घरीच बसा. गुडघा धरून कुठं हिंडता? आमच्या म्हशींना तेवढं पाणी दाखवा."

सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. पण घरी येताना गल्लीच्या वळणापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. असं मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, अगदी सासूबाईंसमोरही माझ्या वाटचं त्याच बोलत आल्या. त्यांच्यावाचून सहल माझ्या डोळ्यांपुढे येईना. दारात मी एवढंच म्हणाले, "अक्का, वाटा बघायला तुमी चला माझ्यासंगं." त्यांना झेपेल अशी वाट शोधायची हे मी मनात पक्कं केलं. ती बैठकीत उभं राहून सांगायची कशी, याचा विचार केला नाही. केला असता तर निघालेच नसते.

जुन्नरला गाडी बदलली आणि घाटघरच्या पुढे नाणेघाटाच्या माथ्यावर उतरलो. पाऊस सरून गेला होता, तरी सोनकीची (पठारावर फुलणारी पिवळी रानफुलं) उरलीसुरली फुलं वाऱ्याने डोलत होती. वारा तर असा, की पदर एकीकडे आणि आपण एकीकडे. डोंगर कापून केलेली खिंड, तिच्या तोंडाशी माणसाच्या छातीएवढा दगडी रांजण. पूर्वी कोकणातून वर येणारे व्यापारी त्यात जकात टाकायचे म्हणतात.

अक्कांनी रांजणावर काठी वाजवली. "बघ, ह्यो खरा टोलनाका. ड्रायव्हरला दाखवायला पायजे व्हता."

खिंडीतून दगडी पायऱ्या कोकणात उतरतात. खाली जंगल, त्यापलीकडे शेतं, त्यापलीकडे निळसर धूर. एवढी जमीन एकदम मी कधी पाहिली नव्हती. थोड्या खाली लेणं आहे, त्याच्या भिंतींवर जुनी अक्षरं कोरलेली आहेत. मला एकही वाचता आलं नाही, पण दगडावर बसून कुणीतरी नीट ओळीत लिहिलं आहे, हे बघून बरं वाटलं. अक्का तिथवर आल्या आणि थांबल्या.

"चढायचं काय न्हाई गं. उतरताना गुडघा रडतो."

मी एकटीच पुढच्या वळणापर्यंत जाऊन आले. परत येते तो अक्कांभोवती मुंबईची चार पोरं-पोरी बसलेली आणि आमच्या गाठोड्यातली भाकरी त्यांच्या हातात.

एक मुलगी म्हणत होती, "आजी, चला ना खाली, आम्ही धरतो तुम्हाला."

"खाली धरून न्याल, वर कोण आणील? तुमी जाशीला घरी, आन् मी ऱ्हाते कोकणात मासं वाळवत."

भाकरी वाटून टाकल्यामुळे आम्ही जुन्नरला एका खानावळीत मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि झणझणीत रस्सा खाल्ला. चौथीपर्यंतच्या शाळेत मला गुण द्यायची कधी संधी मिळाली नाही, म्हणून वहीत लिहिलं: नाणेघाट. वारा पहिला. पायऱ्या नापास.

आठ दिवसांनी भीमाशंकर. सोमवारची गर्दी नको म्हणून मंगळवारी गेलो. मंचर, घोडेगाव, मग डिंभ्याच्या धरणाचं पाणी कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेने आमच्याबरोबर येत होतं. दर्शन घेतलं. देवळामागून जंगलात एक वाट जाते गुप्त भीमाशंकरला. आता तिथेही देवच, मग चपला कशाला घालायच्या, असं आम्ही दोघींनी ठरवलं. चपला देवळापाशी ठेवल्या आणि अनवाणी निघालो.

शंभर पावलांत चूक कळली. पण देवाच्या वाटेवरून चपलांसाठी माघारी जायचं म्हणजे बरं दिसेना, म्हणून दोघीही दुसरी काय म्हणते याची वाट बघत चालत राहिलो.

जंगल मात्र फार सुंदर. झाडं इतकी दाट, की भर दुपारी दिवेलागणीची वेळ वाटावी. ओल्या पानांचा वास, वाटेवर आडवी आलेली मुळं, दगडांवर हिरवं मऊ शेवाळ. पायाला टोचत होतं म्हणून मी भराभर उड्या मारत पुढे गेले. मागे अक्कांचं बोलणं चालू होतं, त्यामुळे त्या आहेत हे कळत होतं. मग लक्षात आलं, की बोलणं थांबलं आहे.

मागे वळले तर वाट रिकामी. हाक मारली. माझ्या हाकेला मीच "ओ" दिली नसती, इतकी ती बारीक. तशीच धावत मागे गेले. दोन वळणं ओलांडली तर अक्का एका मुळावर बसल्या होत्या, पायात काटा, नजर वर झाडात.

"हाक का न्हाई मारली?" त्या कुजबुजल्या.

"मारली व्हती."

"मुंगीला ऐकू गेली आसंल. गप बस. वर बघ."

वर फांदीवर शेकरू होतं. तांबूस अंग, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट, आणि दोन हातांत फळ धरून आमच्याकडे बघत खात होतं. ते पळू नये म्हणून अक्का पाच मिनिटं गप्प बसल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्याने जे तोंड कधी बंद झालं नाही ते शेकरूने बंद करून दाखवलं.

तेवढ्यात वनखात्याचा माणूस आला. आमच्या पायांकडे बघून म्हणाला, "मावशी, चपला?"

"देवापाशी ठेवल्या, भाऊ."

"देव संभाळील. पर काटं हितं हायेत न्हवं!" त्याने काटा काढून दिला आणि माघारी सोडायला आला.

वहीत लिहिलं: जंगल पास. अक्का मागे राहतात ते नापास. कुणाचे किती गुण गेले ते लिहिलं नाही, कारण चूक माझीही होती.

राहिलं आण्याचं पठार. आळेफाट्यावरून आण्याच्या घाटात शिरलो. घाटात एका ओढ्यावर दगडाची कमान आहे, कुणी बांधलेली नाही, पाण्यानेच कोरलेली. ती बघून पुढे पठारावर आलो आणि अक्का म्हणाल्या, "ह्यात काय बघायचं गं?"

खरंच, पहिल्या नजरेला काही नाही. वाळलेलं पिवळं गवत, काळे दगड, मधेच एखादी बाभूळ, निवडुंगाच्या ओळी, आणि सगळ्यावर मोठं आभाळ. माझी नात टीव्हीवर वाळवंट बघते, त्याचाच हा गरीब भाऊ. पण जमीन सपाट होती. मी मनात म्हटलं, हीच वाट. आणि सवयीने पुढे चालू लागले. अर्ध्या तासाने वळून बघते तर अक्का लांब मागे, काठीवर वाकलेल्या. मला गाठायला त्या गुडघा ओढत होत्या आणि तोंडाने "आले, आले" म्हणत होत्या. सपाट जमिनीवरही तेच.

तेव्हा समोरून मेंढरं आली. पुढे मेंढपाळ, आणि त्याच्या लगेच मागे एक मेंढी, तीन पायांवर उडी मारत चालणारी. बाकी सगळा कळप तिच्या मागे, तिच्या चालीने. शेवटी त्याची बायको, डोक्यावर वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) घेऊन.

अक्कांनी तिला थांबवलंच. "अगं बाई, लंगडी पुढं का?"

"मंग कुठं?" ती म्हणाली. "मागं ठिवली तर मागंच ऱ्हाती. सारखं तिच्यापायी माघारी या. तीबी धावून धावून मरायची. पुढं ठिवली की ती तिच्या पायानं चालती, बाकीच्यांला तोंड घालायला येळ मिळतो. कळप भरल्या पोटानं येतो सांजचा."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. "शालने, समजलं का? मला पुढं घाल."

त्या बाईने बाभळीखाली तीन दगड मांडून शेळीच्या दुधाचा चहा केला. तो पिऊन आम्ही निघालो, अक्का पुढे, मी मागे. सुरुवातीला माझे पाय अडखळत होते. मग हळूहळू दिसायला लागलं. गवतात तरवडाची पिवळी फुलं. दगडाच्या सावलीत चिमणीएवढ्या पक्ष्याचं घरटं, आणि मातीत बारीक बारीक गोल खळगे, तळाशी किडा लपलेला. अक्का मागे वळून एकदाही "आले" म्हणाल्या नाहीत. आम्ही पहिल्यापेक्षा लांब गेलो.

बैठक सुमनच्या ओसरीवर होती. वहीतून वाचायचं ठरवून उभी राहिले, तर चष्मा घरी. अक्का कोपऱ्यात होत्या. सवयीने त्यांनी माझ्या वतीने तोंड उघडलं, मग स्वतःच मिटलं.

मी म्हणाले, "मला आणं पसंत हाय."

"तिथं काय, दगडं बघायची?" दोघी-तिघी एकदम बोलल्या.

"दगडंच हायेत. पर नीट बघितली तर लई हाय. आन् एक अट हाय. अक्का पुढं चालतील. त्यांच्या पुढं कुणी जायचं न्हाई."

सुमन म्हणाली, "मंग सांजपर्यंत पोचणार कुठवर?"

"जिथवर पोचू तिथवर." मग मी मेंढीचं सांगितलं. मधे दोनदा थांबले, पण कुणी मधे बोललं नाही.

अक्का कोपऱ्यातून म्हणाल्या, "मेंढी तर मेंढी. पर पुढची!"

हशा झाला. सुमन थोडी ओशाळली. "शालन म्हणंल तिथं, आसं मीच बोलले व्हते. म्हशींला पाणी माझा मालक दाखवंल. त्यालाबी कळू दे."

पुढच्या रविवारी अकरा जणी पठारावर उतरलो. अक्का पुढे, काठी टेकत, बोलत. दहा पावलं चालायचं, थांबायचं, काहीतरी दाखवायचं. सुमनने सहलीसाठी नवे बूट घेतले होते. ते तिला इतके चावले, की दुपारी ती बूट हातात घेऊन, अक्कांच्या खांद्यावर हात टाकून दुसऱ्या नंबरला चालत होती. बाभळीखाली घरून आणलेली शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्शात शिजवलेली कडबोळी) आणि भाकरी खाल्ली. लांबून मेंढपाळाच्या बायकोने ओळखलं आणि तिकडून ओरडली, "लंगडी पुढंच हाय न्हवं?"

अक्कांनी काठी उंच धरली. सुमननेही बूट उंच धरले.

परतताना आळेफाट्याला गाडी बदलली आणि बसायला जागा मिळताच सगळ्या झोपल्या. अक्का तोंड उघडं टाकून, सुमन त्यांच्यावर कलंडून. मी एकटी जागी. नारायणगाव गेलं. पुढे कळंब, आणि गाडी थांबवणारी माणसं सगळी घोरत होती. अक्कांना हलवावं म्हणून मी हात पुढे केला आणि मागे घेतला. दिवसभर पुढे चालल्या होत्या.

मी उभी राहिले. "ओ भाऊ! कळंबला थांबवा! अकरा जणी हायेत!"

आवाज मलाच मोठा वाटला. पुढच्या दोन रांगा वळून बघू लागल्या. अक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "जंगलात कुठं गेला व्हता ह्यो आवाज?"

गाडी थांबली. बाकी नऊ जणी डोळे चोळत उठल्या, पिशव्या उचलल्या, पण दाराकडे कुणी गेलं नाही. सगळ्या बाकांच्या मधल्या वाटेत कडेला सरून उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, "उतरा की, कुणाची वाट बघताय?"

अक्का काठी शोधत होत्या. ती मी त्यांच्या हातात दिली. त्या सावकाश उतरल्या, एक पायरी, मग दुसरी. मग आम्ही.