गुडघ्यातली कटिया

इकडे उत्तरेत, लक्ष्मी गेटजवळ माझं गाद्या-चादरींचं दुकान आहे. गिऱ्हाईक बसताना चादरीचं बोलतं आणि उठताना गुडघ्याचं. त्यामुळे चादरी विकल्या जातात, गुडघ्यांचे किस्से मात्र दुकानातच पडून राहतात.

* * *

संध्याकाळी आम्ही तिघं जमतो. मी, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड अण्णा आणि शेजारचे अत्तरवाले द्विवेदीजी. पूर्वी गादीवर मांडी घालून बसायचो. मग एकेकाचे गुडघे बोलायला लागले आणि गादीवर स्टुलं आली.

परवा एका बाईंनी चादरींकडे ढुंकूनही न बघता विचारलं, "भैया, स्टूल कितने का?"

* * *

द्विवेदीजींचं औषध एकच, गरम तेल. "अण्णाजी, खून दौड़ना चाहिए!" अण्णा रोज रगडायचे. गुडघा सुजलेला तो सुजलेलाच.

सुमनकाकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "इतकं तेल मुरलंय, आता त्यात पापड तळा."

* * *

अण्णांचं खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या मराठी मंडळात गणपतीची पंगत अजून जमिनीवर बसते आणि वरणभातावर तूप वाढायचं ते अण्णांनी. पानापानाशी वाकून, नावानं विचारपूस करत. गुडघ्यांमुळे ते सुटलं. मंडळानं कोपऱ्यात टेबल मांडलं.

अण्णा म्हणाले, "टेबलावर जेवायचं म्हणजे कँटीन. मी येतच नाही."

काकू शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "माझेही दुखतात हो. चला, दोघं बसू."

तेव्हा कुठे अण्णा जेवले.

* * *

ग्वाल्हेरच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेलो. ते म्हणाले, झिजलेल्या गुडघ्याच्या सुजलेल्या अस्तरात बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांच्यासोबत वेदना नेणाऱ्या नसाही येतात आणि दुखणं वाढतं. त्या वाहिन्या आतून बंद करता येतात.

अण्णा चक्रावले. "जन्मभर रक्त फिरवा म्हणाले, आता थांबवा म्हणतायत?"

मी म्हटलं, "अण्णा, खांबावर आकडा टाकून चोरून वीज घेतात ना, ती कटिया? तुमच्या गुडघ्यात तशा कटिया पडल्यात. मेन लाइन ठेवायची, कटिया कापायच्या."

डॉक्टर हसले. "ऐसा ही समझिए. पर जो घिस गया वो वापस नहीं भरेगा, और फ़ायदा सबको हो ही, ऐसा भी नहीं." मग काकूंकडे वळले. "माताजी, आपके घुटने भी देख लें?"

"पहले इनके," काकू म्हणाल्या.

* * *

मांडीतून बारीक नळी घालून, तिच्यातून मोहरीहूनही बारीक कण सोडतात, त्या नव्या वाहिन्या बुजवायला. पेशंट जागाच. अण्णा पडद्यावर बघत होते. मधेच म्हणाले, "डॉक्टरसाब, लूप लाइन ही बंद करना. मेन पे गाड़ी है."

* * *

हळूहळू ठणका उतरला, सूजही ओसरली.  द्विवेदीजींचं तेल आता दुकानाच्या शटरला लागतं.

* * *

यंदाच्या पंगतीत अण्णांनी तुपाचं भांडं मागून घेतलं. पहिल्या पानाशी जरा जपूनच वाकले.  तूप भातावर पडलं. अण्णा पुढच्या पानाकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या. कोणाला नातवाचं विचारलं, कोणाला बदलीचं.

कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं.

रांगेच्या टोकाशी अण्णा थबकले. पाटावर काकू बसल्या होत्या, छान मांडी घालून.

"अगं, तुझे गुडघे?"

काकूंनी पान थोडं पुढे सरकवलं.

"वाढा. भात निवतोय."