एक रेघ आणि सही

दवाखान्यात तिला सगळे फाइलबाई म्हणत. डॉक्टर आले नि गेले, भिंतींचे रंग बदलले, पण तळमजल्यावरच्या रेकॉर्डच्या खोलीत सव्वीस वर्षं हीच ठाण मांडून बसलेली. कुठल्या पेशंटची फाइल कुठल्या मांडणीवर आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. विचारणाऱ्याने फार घाई केली, तर मुद्दाम सावकाश सांगायची. अशी ही कोणाच्या बापाला न भिणारी बाई गेले दोन महिने धड जेवत नव्हती. कारण काय, तर संगणकाची परीक्षा.

फर्मान आलं होतं. प्राथमिक संगणक प्रमाणपत्र महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने सादर करायचं, नाहीतर रेकॉर्डमधून उचलबांगडी, थेट चादरींच्या भांडारात. "चादरी मोजायला संगणक लागत नाही, बाई," हेडक्लार्क म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, हेच वाईट होतं. पहिल्या खेपेला फाइलबाई शेहेचाळीस गुणांवर आपटल्या. पन्नास हवे होते. दुसरी खेप शेवटची.

चार गुण कुठे गेले, ते लेकीने शोधून काढलं. लेक एका शाळेत शिक्षिका, त्यामुळे आईलाही ती पाचवीच्या वर्गात बसवल्यासारखीच शिकवायची. "आई, माऊस हलका धर. पळून जाणार नाहीये तो." एके दिवशी संध्याकाळी तिने सरावाला एक यादी दिली आणि सांगितलं, यातली चौथी ओळ काढून टाक. फाइलबाईंनी पडदाभर शोधाशोध केली, एक बटण दाबलं, आणि चौथ्या ओळीवर मधोमध रेघ उमटली.

लेक बघतच राहिली. "हे बटण तुला सापडलं कसं? आमच्या मुख्याध्यापकांना माहीत नाही हे!"

"शोधलं. खोडायचं तर रेघ नको का?"

"आई! काढून टाक म्हणजे काढून टाक. पुसून. नाहीशी."

"नाहीशी कशी करू?" फाइलबाई खरंच घाबरून म्हणाल्या.

हसू नका. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक फाइल पाहिली होती. कोणीतरी चुकीचा रक्तगट ब्लेडने खरवडून त्यावर दुसरा लिहिला होता, आणि ऑपरेशनच्या दिवशी त्यातला खरा कोणता, हे सांगायला कोणी नव्हतं. पेशंट वाचला तो त्याच्या नशिबाने. त्या दिवशी जुन्या रेकॉर्डकीपरने या पोरसवदा बाईला समोर बसवून सांगितलं होतं, की आपल्याकडे खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, वेळ. सव्वीस वर्षं हाताला तेच वळण. परीक्षेतही जिथे जिथे 'काढा' म्हटलं होतं, तिथे तिथे बाईंनी इमानेइतबारे रेघ मारली होती. यंत्राने इमानाचे गुण दिले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस लेकीने आईकडून ओळी पुसून घेतल्या. दर वेळी बोट पुसायच्या बटणावर जाऊन थबकायचं. "अगं, कोणी मरत नाहीये," लेक म्हणायची. फाइलबाईंना तेवढी खात्री वाटत नव्हती.

परीक्षेच्या खोलीत वीस संगणक होते आणि थंडी अशी, की बोटं आधीच आखडलेली. पिशवी, मोबाइल, सगळं बाहेर ठेवायला लावलं. हातात फक्त प्रवेशपत्र आणि हजेरीच्या सहीसाठी पेन. पर्यवेक्षक पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, आवाजात खर्ज. त्यांनी सूचना वाचल्या. बाईंच्या कानात नुसती धडधड होती. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं उलटी पळू लागली.

पत्र टाइप केलं. ईमेल झाला. तक्त्याची बेरीज पहिल्या फटक्यात जमली तेव्हा त्यांना जरा धीर आला. मग आला तो प्रश्न. कर्मचाऱ्यांची यादी होती आणि सातवी ओळ काढायची होती. सातव्या ओळीत कोणा माळ्याचं नाव, वय, रुजू झाल्याची तारीख. खोटाच माळी, हे कळत होतं. तरी बोट पुढे जाईना. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग बाईंनी दात आवळले, बटण दाबलं, आणि माळी गेला. जणू कधी नव्हताच.

आणि त्यांच्या उजव्या हाताने, मनाला न विचारता, पेन उचललं.

"काय लिहिताय?" खर्जातला आवाज थेट डोक्यावर आला. पर्यवेक्षकांनी प्रवेशपत्र ओढून घेतलं. "सूचना ऐकल्या नाहीत? प्रवेशपत्रावर अक्षर जरी लिहिलं तरी कॉपी." ते तरातरा टेबलाकडे गेले, आणि बाईंना तिथूनही दिसलं, की नोंदवहीत त्यांच्या आसन क्रमांकापुढे पेन फिरलं. संपलं सगळं. चादरी, भांडार, डांबराच्या गोळ्यांचा वास. रेकॉर्डच्या खोलीत दुसरं कोणीतरी बसेल आणि ब्लेड घेऊन फाइली खरवडेल, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

तिकडे पर्यवेक्षकांनी प्रवेशपत्र उलटं केलं आणि वाचलं. मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं. 'सातवी ओळ काढली. कारण: प्रश्नात तसा आदेश.' खाली सही, तारीख, अकरा वाजून बावीस मिनिटं.

ते परत आले. "हे कशाला?"

"कोणी विचारलं तर सांगता यायला हवं ना, साहेब," बाई कशाबशा म्हणाल्या, "की इथे एक माणूस होता."

पर्यवेक्षकांनी प्रवेशपत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते म्हणाले, "नऊ मिनिटं आहेत. लिहा पुढचं."

ती नऊ मिनिटं कशी गेली, हे फाइलबाईंना आजही सांगता येत नाही. शेवटचं बटण दाबल्यावर पडदा पांढरा झाला, त्यावर एक गोल फिरत राहिला, आणि मग आकडा आला. एकसष्ट. उत्तीर्ण. त्यांनी तो तीनदा वाचला, सीट नंबर पडताळून पाहिला, आणि मगच श्वास सोडला.

सही करायला टेबलाशी गेल्या, तर नोंदवही उघडीच होती. त्यांच्या क्रमांकापुढे ठसठशीत अक्षरांत 'कॉपी आढळली'. पर्यवेक्षक व्हाइटनरची बाटली हलवत होते. "माझीच घाई झाली, बाई. हे आत्ता पांढरं करून टाकतो. कोणाला कळणारही नाही."

बाईंनी त्या दोन शब्दांकडे पाहिलं. जन्मात असं कोणी त्यांच्या नावापुढे लिहिलं नव्हतं. पांढरं होऊ दे, असं त्यांना फार, फार वाटलं.

"नको, साहेब," त्या म्हणाल्या. "एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेजारी सही, तारीख, वेळ."