विस्तव मागायला गेले ती सकाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. तुम्हाला सांगते — मध्येच थांबले तर थांबू द्या.

माझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं. मेहरूणात प्लेगचे उंदीर पडू लागले, गाव शेतांत राहायला गेलं, तेव्हाही झोपड्या कुठे घालायच्या, पाणी कुठून आणायचं, कडुनिंबाचा धूर कधी करायचा — बायका मलाच विचारत. माझी चूल तर कधी विझत नसे. निखारे राखेखाली पुरून ठेवायचे, सकाळी फुंकर घालायची. विस्तव न्यायला बाकीच्या माझ्याकडे येत. हे आधी सांगते, कारण —

सांगते.

माझे धाकटे दीर भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या काखेत गाठ आली. जावेचा निरोप आला : दवाखान्यात नेलेला माणूस परत दिसत नाही, उद्या यांना घरी आणते. आगगाडीत तपासणी होती, म्हणून बैलगाडीने. आमचे हे पारोळ्याला गेलेले. निरोप मला एकटीला कळला.

आपला माणूस घरी येणार, यात वावगं काय होतं? शेताच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एक झोपडी रिकामी होती. मीच घालून घेतली होती — कुणी आजारी पडलं तर असावी म्हणून. ती घालताना माझ्या मनात कुणाची माणसं होती? दुसऱ्यांचीच ना?

सकाळी चूल पेटलेली होती. तव्यावरची भाकरी मी उतरवली, रिकामी खापरी घेतली आणि शेजारच्या गोदाअक्कांकडे विस्तव मागायला गेले.

"तुमनी चूल इझनी? नवलच शे वो माय!" त्या हसल्या.

मीही हसले. खापरीत निखारे पडत असताना म्हटलं, अगदी सहज — आज आमचे भाऊजी येताहेत भुसावळहून. गाठ आलीय त्यांना.

एवढंच. येऊ देऊ नका, असं मी म्हटलं नाही. म्हणायची गरज होती का?

दुपारी वाटेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. गोदाअक्कांचा नवरा काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे. "गाडी मांगे फिराव! आमना पोरेसले मारशी का?"

गाडीतून जाऊ माझ्याकडे बघून ओरडली, "अक्का, तुम्ही तरी सांगा ना यांना!"

मी पदर डोळ्याला लावला. सगळ्यांना दिसेल असा. त्या रिकाम्या झोपडीबद्दल एक शब्द काढला नाही. भाऊजींनी मान उचलून पाहिलं — कुणाकडे, ते मला ठाऊक आहे.

गाडी फिरली. भुसावळ यायच्या आत ते गेले.

तेव्हापासून जाऊ माझ्याच घरी आहे. गोदाअक्कांच्या घरचं पाणी ती प्यायली नाही, सणावारीही त्यांचा उंबरा ओलांडला नाही. खबर कुणी दिली, हे गोदाअक्का एका वाक्यात सांगू शकत होत्या. विहिरीवर जाऊ त्यांना तोंडावर शिव्या देई, तेव्हा त्या फक्त माझ्याकडे बघत आणि घागर उचलून चालू लागत. का सांगितलं नाही? मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. जाऊ म्हणाली, "अक्का, त्यांना सांगा, तिरडी आपल्या दारावरून न्यायची नाही."

तो निरोप मीच देऊन आले. त्यांच्या मुलाने ऐकून घेतलं. तिरडी तळ्याकडून, लांबच्या वाटेने गेली.

मी परत आले आणि चुलीतले निखारे राखेखाली पुरले.